गरम पाणी हवं, गरम प्लग नको!

थंडीची चाहूल लागली की छावणीच्या गुरुवारच्या बाजारात स्वेटर-मफलरच्या शेजारी पाणी तापवायचे रॉड टांगलेले दिसू लागतात. वेटोळं घातलेली चकचकीत नळी, वर काळं प्लॅस्टिकचं डोकं आणि दीड हात वायर. "घ्या ताई, पाच मिनिटांत बादली गरम!" असं विकणारा छातीठोकपणे सांगतो. आपण बायका रॉड हातात घेऊन बघतो, किंमत विचारतो, घासाघीस करतो. पण वायरच्या टोकाला पिना दोन आहेत की तीन, हे मात्र फारसं कुणी बघत नाही. खरं तर पहिला प्रश्न तोच असायला हवा.

आपल्याकडे अंघोळीचं पाणी तापवणं हे पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या बाईचं काम. आजीच्या काळात तांब्याचा बंब होता. त्यात लाकडं, गोवऱ्या, नारळाच्या शेंड्या घालायच्या, राख काढायची, धूर डोळ्यांत घ्यायचा. बंब कसा पेटवायचा, कधी विझवायचा, भडका उडाला तर काय करायचं, हे सगळं तिला ठाऊक असायचं. बंब गेला आणि गीझर आला. बटण दाबलं की काम झालं. सोय झाली खरी, पण एक गोष्ट हातातून निसटली. आपण रोज वापरतो ती आग नेमकी कुठे पेटते, हेच आपल्याला दिसेनासं झालं. प्लग, वायर, अर्थिंग म्हटलं की "ते यांना विचारा" असं म्हणून आपण मोकळ्या होतो. पण पहाटे सगळ्यांत आधी उठून ओल्या हातांनी बटण दाबणारी तर आपणच असतो ना?

म्हणून ठरवलं, आज या विषयावर लिहायचं. घाबरू नका, दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात असतं त्यापलीकडे यात काही नाही.

पाणचक्की आणि वायर

आपल्या शहरातल्या कुणालाही पाणचक्की नव्यानं सांगायला नको. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालून मातीच्या नळांतून आणलं, उंच भिंतीवर चढवलं आणि तिथून खाली सोडलं. पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं. विजेचंही साधारण असंच समजा. पाण्याची उंची म्हणजे व्होल्टेज, आपल्या घरात ते २३० असतं. नळातून दर सेकंदाला वाहणारं पाणी म्हणजे करंट, तो अँपिअरमध्ये मोजतात. आणि नळ किती अरुंद, किती खडबडीत, म्हणजे वाहण्याला अडथळा किती, तो रेझिस्टन्स. पुस्तकात त्याला 'रोध' म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. जॉर्ज ओहम हे जर्मनीतले एक शिक्षक, कुलपं करणाऱ्याचा मुलगा. व्होल्टेजला रोधानं भागलं की करंट मिळतो, हा नियम त्यांनी १८२७ मध्ये मांडला.

करंट अडथळ्यातून जातो तेव्हा उष्णता तयार होते. किती, हे इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ राहणाऱ्या जेम्स ज्यूल नावाच्या तरुणानं १८४०-४१ च्या सुमारास शोधलं. घरचा धंदा बिअर गाळण्याचा, वय बाविशीच्या आसपास. त्यानं केलं काय, तर तारेची गुंडाळी पाण्याच्या भांड्यात बुडवली, तिच्यातून करंट सोडला आणि थर्मामीटर घेऊन बसला. म्हणजे जगातला जवळजवळ पहिला वॉटर हीटरच म्हणा की! त्याला दिसलं ते असं की करंट दुप्पट केला तर उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. करंटचा वर्ग, गुणिले रोध, गुणिले वेळ. गीझर, इस्त्री, शेगडी सगळं याच नियमावर चालतं.

आता गीझरच्या आत डोकावू. त्यात असतं एक 'कॉइल', म्हणजे हीटिंग एलिमेंट. मध्यभागी निक्रोमची बारीक तार. निकेल आणि क्रोमियम यांचा हा मिश्रधातू, अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांनी १९०६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तांब्याच्या तारेपेक्षा त्याचा रोध साठ-पासष्ट पट. लालबुंद झाली तरी ही तार चटकन जळून जात नाही, कारण तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच तिला सांभाळतो. या तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते. ही पूड मोठी गुणाची. उष्णता बाहेर जाऊ देते, करंट मात्र अडवते. आणि या सगळ्यावर धातूची नळी. आपल्याला दिसते ती फक्त ही नळी. रॉडमध्येही अगदी हीच रचना असते.

म्हणजे चांगला गीझर म्हणजे काय? तर रोध जिथे हवा तिथेच, तारेत. बाकी वायर, प्लग, सॉकेट इथे शक्य तितका कमी. आणि पाणी व करंट यांच्यामध्ये पुडीची भक्कम भिंत. ही मांडणी कुठेही बिघडली, की आपली अडचण सुरू होते.

बादलीचा हिशोब

आधी बिलाचं बघू, कारण महिनाअखेर सगळ्यांची बोलणी आपणच खातो. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. २० लिटरची बादली, पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचं, तर झाले २,१०० किलोज्यूल. एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. म्हणजे एका बादलीला ०.५८ युनिट, अर्ध्या युनिटापेक्षा थोडं जास्त. घरात चार माणसं, चार बादल्या, तर महिन्याला सत्तरच्या आसपास युनिट नुसत्या अंघोळीचे! महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटांची पायरी ओलांडली की पुढच्या युनिटांचा दर चढतो, हे लक्षात घेतलं की थंडीतलं बिल का फुगतं ते कळतं.

यातली गंमत अशी की रॉड १,००० वॉटचा घ्या नाहीतर २,००० वॉटचा, त्याच बादलीला युनिट जवळपास तेवढेच लागतात. फरक पडतो तो वेळेत. १,००० वॉटला ३५ मिनिटं, १,५०० वॉटला २३ आणि २,००० वॉटला साडेसतरा. 'मोठा गीझर म्हणजे मोठं बिल' हा आपला समज तेवढा खरा नाही. बिल वाढतं ते जास्त पाण्यानं, कढत पाण्यानं आणि तासन्‌तास चालू ठेवल्यानं.

आणि बाजारातली 'पाच मिनिटांत बादली'? तेवढ्या वेळात ही बादली तापवायची तर ७,००० वॉट लागतील, म्हणजे ३० अँपिअर. घरातला मोठा पॉवर पॉइंट १६ अँपिअरचा असतो. विकणाऱ्याचं बोलणं खरं करायला गेलो तर बादलीआधी भिंत तापेल!

आणखी एक कोडं. जास्त रोध म्हणजे जास्त उष्णता, मग जास्त वॉटच्या गीझरच्या कॉइलचा रोध जास्त असणार, असं वाटतं ना? आहे उलट. १,००० वॉटच्या रॉडचा रोध साधारण ५३ ओहम, २,००० वॉटच्या गीझरचा निम्मा, २६ ओहम. कारण घरातलं व्होल्टेज ठरलेलं आहे. अडथळा निम्मा केला की करंट दुप्पट होतो. उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून रोध निम्मा होऊनही हिशोब दुपटीवर जातो. २,००० वॉटचा गीझर म्हणूनच ८.७ अँपिअर ओढतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नरकचतुर्दशीच्या पहाटे गल्लीतल्या सगळ्या घरांत एकाच वेळी गीझर लागतात आणि व्होल्टेज पडतं. दिवे मंदावतात, पाणी तापता तापत नाही. २३० चं १८० झालं तर २,००० वॉटचा गीझर जेमतेम १,२२५ वॉटचं काम करतो. एरवी १५ लिटरची टाकी २५ अंशांवरून ६० वर जायला १८ मिनिटं लागतात, तिथे अर्धा तास लागतो. गीझर बिघडलेला नसतो, त्याला मिळणारा रेटाच कमी असतो. अशा वेळी मेकॅनिकला बोलावून पैसे घालवू नका.

नको तिथली उष्णता

आता खरा मुद्दा. ज्यूलचा नियम कॉइल आणि प्लग यांत भेदभाव करत नाही. करंट जिथून जातो आणि जिथे अडखळतो, तिथे उष्णता होते. प्लगची पिन सॉकेटमध्ये सैल बसली, आत काजळी धरली, वायर स्क्रूखाली नीट आवळलेली नसली, की तिथे छोटासा रोध तयार होतो. समजा अर्धा ओहम. कॉइलच्या २६ ओहमपुढे तो काहीच नाही, त्यामुळे करंट जवळजवळ तेवढाच राहतो, ८.७ अँपिअर. त्याचा वर्ग ७६, त्याच्या निम्मे ३८. म्हणजे पिनेच्या वाटाण्याएवढ्या जागेत ३८ वॉटची उष्णता! आपला बारीक सोल्डरिंगचा डाग द्यायचा कैया साधारण एवढ्याच वॉटचा असतो. कॉइलभोवती उष्णता उचलून न्यायला पाणी असतं. प्लगभोवती असतं प्लॅस्टिक. ते आधी पिवळं पडतं, मग तपकिरी, मग वास सुटतो, मग वितळतं. तापल्यामुळे पिन आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो. असं हे चक्र आगीपर्यंत जाऊ शकतं.

हे सगळ्यांत आधी कुणाच्या लक्षात येतं? रोज प्लग लावणाऱ्या आणि काढणाऱ्या बाईच्या. गीझर बंद केल्यावर प्लग कोमट लागला तर चालेल, चटका बसला तर नाही. जळका वास आला, सॉकेटमध्ये 'चर्रर्र' असा आवाज आला, भोकाभोवती काळा डाग दिसला, की त्या दिवशी गीझर बंद आणि वायरमनला फोन. "दिवाळीनंतर बघू" नाही. आणि गीझर किंवा रॉड मोबाइलच्या चार्जरचा असतो तसल्या ६ अँपिअरच्या छोट्या पॉइंटवर, नाहीतर एक्स्टेन्शन बोर्डावर लावायचा नाही. २,००० वॉटच्या गीझरला १६ अँपिअरचा पॉइंट आणि तांब्याची किमान अडीच चौरस मिलिमीटरची वायर हवी. बारीक वायर म्हणजे पुन्हा रोध, पुन्हा उष्णता, तीही भिंतीच्या आत.

तिसरी पिन

आमच्या शेजारच्या भाभी एकदा सकाळी दारात आल्या. "ताई, नल को हाथ लगाया तो झुनझुनी आती." घरच्यांनी सांगितलं होतं, ओले हात लावू नको. आता मला सांगा, कोरड्या हातांनी अंघोळ कोण करतं? मी म्हटलं, भाभी, आधी गीझरचा मेन बंद करा, नळाला हात लावू नका. वायरमनकाकांना बोलावलं. त्यांनी सॉकेट उघडलं आणि म्हणाले, "ताई, तिसरं भोक नुसतं शोभेला आहे. मागं वायरच नाही."

जुन्या घरांत हे चित्र नवीन नाही. भाभींच्या गीझरमध्ये दोन गोष्टी एकत्र झाल्या होत्या. कॉइलची नळी गंजून बारीक चीर गेली होती, आतली पूड ओली झाली होती. म्हणजे करंट अडवणारी भिंत पडली होती. आणि निसटलेल्या करंटला जमिनीत जायला अर्थिंगची वाट नव्हती. मग तो टाकीत, पाण्यात, नळात येऊन थांबला होता, कुणीतरी हात लावायची वाट बघत. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, पण आपल्या नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यातून ती वाहते.

इथे माणसाच्या शरीराचा रोध मधे येतो. कोरडी कातडी बराच अडथळा करते. ओल्या अंगाचा, हातापासून पायापर्यंतचा रोध मात्र साधारण १,००० ओहमच धरतात. २३० भागिले १,०००, म्हणजे ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. दहा-पंधरा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू असे आखडतात की धरलेला नळ सोडता येत नाही. बायकांमध्ये ही मर्यादा पुरुषांपेक्षा कमी असते. त्याहून जास्त करंट छातीतून गेला तर हृदयाचा ठोका बिघडतो.

"पण आमच्याकडे एमसीबी आहे की!" असं बऱ्याच जणी म्हणतात. एमसीबी १६ अँपिअरचा. तुमच्या अंगातून पाव अँपिअर जातोय, हे त्याला कळतसुद्धा नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो, तुमच्यासाठी नसतो. तुमच्यासाठी दोन गोष्टी असतात. एक अर्थिंग. गीझरच्या धातूच्या अंगाला जोडलेली वायर तिसऱ्या, जाड आणि लांब पिनेतून जमिनीत जाते. निसटलेल्या करंटला तुमच्या १,००० ओहमपेक्षा कितीतरी सोपी वाट मिळते. पिन लांब असते ती यासाठी, की प्लग लावताना आधी अर्थिंग जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी. दुसरी गोष्ट आरसीसीबी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की हा स्विच सेकंदाच्या लहानशा भागात वीज तोडतो. त्यावर 'टेस्ट' असं लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबून बघा, वीज गेली पाहिजे.

आता रॉडकडे परत या. दोन पिनांचा रॉड म्हणजे अर्थिंग मुळातच नाही. तो प्लॅस्टिकच्या बादलीत असला आणि नळीला चीर गेली, तर करंटला बाहेर जायला वाटच नसते. बादली शांत, पाणी शांत, फ्यूज शांत. पाणी तापलं का बघायला तुम्ही बोट घातलंत, की वाट मिळाली! लोखंडी किंवा स्टीलच्या बादलीत तर बादलीलाच करंट येऊ शकतो. म्हणून रॉड वापरायचाच असेल तर तीन पिनांचा, आयएसआय मार्क असलेला, आणि अर्थिंग असलेल्या पॉइंटवर. आधी प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी, मग रॉड, मग बटण. पाणी रॉडवरच्या खुणेपर्यंत हवं. काढताना आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग रॉड. पाण्याला हात सगळ्यांत शेवटी. आणि लेकरं घरात असतील तर बादली बंद दाराआड.

कुणाला शॉक बसत असेल तर त्याला हातानं ओढायला धावू नका. आधी मेन स्विच बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी वस्तूनं माणूस वेगळा करा.

क्षारांचा शालू

आपल्याकडे बऱ्याच घरी वापराला बोअरचं पाणी. मराठवाड्यात ते अनेकदा जड असतं. तापलं की त्यातले विरघळलेले क्षार पांढऱ्या थराच्या रूपानं कॉइलवर बसतात. हा थर उष्णता अडवतो. बाहेर पाणी कोमट आणि आत तार नको इतकी तापलेली. अशी तार लवकर तुटते, नळीला चीर जाते. गीझरमधून खदखद आवाज येऊ लागला, पाणी तापायला वेळ लागू लागला, तर वर्षातून एकदा कॉइल साफ करून घ्यायची. रॉड असेल तर प्लग काढून, डोकं वर ठेवून, नळीचाच भाग लिंबूसत्वाच्या पाण्यात घालून ठेवा. सुरीनं खरवडू नका. आणि रॉड कोरडा चालू करायचा नाही. उष्णता तेवढीच तयार होते, पण उचलून न्यायला पाणी नसतं.

गीझरचा थर्मोस्टॅट ६० अंशांच्या आसपास ठेवा. १५ लिटर ६० अंशांचं पाणी २० अंशांच्या पाण्यात मिसळलं तर ४० अंशांचं ३० लिटर होतं, एका अंघोळीला पुरून उरतं.

वायरमनला विचारायचे प्रश्न

दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा वायरमनलाही बोलवा आणि पाच प्रश्न विचारा. बाथरूमच्या पॉइंटला अर्थिंग खरोखर जोडलेली आहे का? मीटर लावून दाखवा. आरसीसीबी बसवला आहे का? सॉकेट आतून काळवंडलंय का? वायर किती जाडीची आहे? गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा आहे का? थर्मोस्टॅट अडकला तर आतला दाब तोच बाहेर सोडतो.

"ताई, तुम्हाला कशाला हे?" असं एखादा म्हणेल. म्हणू द्या. आजीनं बंबाची जाळी कधी कुणाच्या भरवशावर सोडली होती का?

आणि एक राहिलंच. अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात, ते माती ओलसर राहून करंटला सहज वाट मिळावी म्हणून. एप्रिल-मेमध्ये आपली मुरमाड जमीन कोरडी ठक्क पडते, तिचा रोध वाढतो. तुळशीला पाणी घालाल तेव्हा तांब्याभर त्या खड्ड्यातही ओतत जा.